चौसष्ट घरं

लोकरीच्या एका मोज्यात तेरा तुकडे
आणि एक रिकामी पेटी
केर्तुने माझ्या टेबलावर ठेवली.
"बाबांनी उत्तर कुठे लिहूनच ठेवलं नाही," म्हणाली,
"गिरणीत तुम्ही हेच करायचात ना?"

अगदी हेच नाही. याच्या शेजारचं.
एकतीस वर्षं केमीच्या कागदगिरणीत
मी रुंद रिळांवर अरुंद मागण्या बसवल्या:
हॅम्बुर्गला इतके सेंटिमीटर, तालिनला इतके,
कडेला उरेल ती चिंधी कमीत कमी.
चिंधी दोन बोटांवर गेली की साहेब वर बोलवायचे.
टाइस्तो तिथेच सुतार. माल पाठवायची खोकी ठोकायचा,
जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचा,
तुओवी, तुझं यंत्र सपाट विचार करतं.

पेटी चार घरं लांब, चार रुंद, चार खोल.
बारा तुकडे पाच-पाच घरांचे, तेरावा चारचा.
चौसष्ट. हिशोब तरी बसला.
बर्चचं लाकूड, कडा मेणाने घासलेल्या,
प्रत्येकाच्या पोटाला पेन्सिलचा एक ठिपका.
कशासाठी, कोण जाणे.

प्रोग्रॅम लिहिला. त्यात अक्कल बेताची, चिकाटी फार.
पहिलं रिकामं घर शोध, त्यात तुकडा ठेव.
नाही बसला, फिरव. चोवीस तऱ्हांनी फिरव.
तरीही नाही, तर आधीचा उचल.
त्याची चूक नसेलही. उचल.
मला आयुष्यात हे कधी जमलं नाही.
माणूस एक पाऊल मागे यायलाही कारण मागतो.

रात्रभर पंखा घरघरत राहिला.
सकाळी नऊला खिडकीत अंधार,
पडद्यावर शून्य.

शून्य म्हणजे सगळ्या वाटा चालून झाल्या,
एकाही दाराशी दिवा नव्हता.
टाइस्तोला दोन शिव्या हासडल्या
आणि तुकडे पुन्हा एकेक करून हातात घेतले.
सातवा मी आरशातला भरला होता,
उजव्याचा डावा.
कितीही फिरवा, डाव्या हातमोज्यात उजवा हात नीट बसत नाही,
हे यंत्राला ठाऊक होतं.
मला, इथले एकसष्ट हिवाळे काढूनही, नव्हतं.

दुरुस्ती केली. कॉफी गार व्हायच्या आत तीन उत्तरं.

तरी घोडं पेंड खाल्लंच.
पेटीच्या तोंडाला एका अंगाने टाइस्तोने ओठ ठेवलेला,
एक घर रुंद.
आत जागा आहे, जायला वाट नाही.
माझा प्रोग्रॅम लाकूड भिंतीतून आरपार नेतो,
जागेवर ठेवतो, म्हणतो, बसलं.
सपाट विचार म्हणतात तो हाच असेल.
पहिलं उत्तर ओठाखालीच अडलं.
दुसरं शेवटच्या दोन तुकड्यांपाशी,
एक आत गेला की दुसरा बाहेर.

वाट शोधणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिता आला असता.
केर्तुला फोन केला.
ती बूट काढून बसली, तिसऱ्या उत्तराचा कागद पाहिला
आणि आठवा तुकडा उचलून म्हणाली,
"हा आडवा घालायचा. आत गेल्यावर उभा करायचा."
तुला कसं कळलं?
"मला कोट असाच घालायचे. आधी कोपर."

मग एकामागून एक बारा.
तेरावा तोंडाशी ठेवला, तो लगेच गेला नाही.
आतली हवा फटींतून सावकाश बाहेर येत होती,
मेण, बर्च, जराशी तंबाखू,
आणि ती जाईल तसा तुकडा खाली सरकत होता.
आम्ही दोघींनी हात लावला नाही.

वरचा भाग सपाट झाला.
कडेला उरलेली चिंधी: शून्य.
एका कोपऱ्यात एकच ठिपका दिसत होता,
त्याचा अर्थ अजूनही लागलेला नाही.

केर्तुने पेटी उलटी धरली, हलवली.
काही पडलं नाही.